चौदा मिनिटं

चंद्रपूर, २ एप्रिल

प्रिय इंद्रजीत,

सर्वप्रथम अभिनंदन. जानेवारीत माझी चंद्रपूरला बदली झाली तेव्हा वारज्याच्या शाखेतली माझी खुर्ची भरायला बँकेला दोन महिने लागले. तुझ्या जीपमधली माझी जागा तू पहिल्याच वळिवाला भरलीस. बँकेने तुझ्याकडून शिकावं.

वासंतीने फोटो पाठवला. बायकोला वाटलं, मला बघून आनंद होईल. दिवे घाटावर उभा राहिलेला ढग, खाली तुझ्या जीपचं बॉनेट, आणि डाव्या खिडकीतून बाहेर आलेलं एक कोपर. तू चालवत असणार, म्हणजे कोपर तुझं नव्हे.

अकरा वर्षं, इंद्रजीत. दर एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन वाजले की मी अर्धी रजा टाकायची, तू तुझी नर्सरी भावावर सोपवायची आणि आपण वळिवाच्या ढगांमागे सुटायचं. मी फोनवर सरकारी रडारचं चित्र बघून दिशा सांगायची आणि तू गाडी हाकायची. ढगापासून दहा किलोमीटर लांब राहायचं हा माझा नियम तू कधी मोडला नाहीस, जरी दर वेळी तोंड वाकडं केलंस. या सगळ्यात तिसरं माणूस कधी नव्हतं. तुझ्या बायकोलाही आपण नाही म्हणालो होतो.

तेव्हा कोण आहे ते कळव. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर मी चिडतो, तू गप्प बसतोस आणि शेवटी दोघं उकाड्यावर बोलून ठेवून देतो. म्हणून हा मेल.

इथे बेचाळीस आहे. आकाशात काही नाही. शाखेतली माणसं सगळी चांगली आहेत, त्यामुळे बोलायला विषयही नाही.

तुझा,
सलिल


वाघोली, ५ एप्रिल

प्रिय सलिल,

मी बोलतोय आणि फोन लिहितोय, तेव्हा चुका पोटात घाल.

कोपर अपूर्वाचं हाय. विश्रांतवाडीची पोरगी, सव्वीस वर्षांची, एका हवामान संस्थेत संशोधन करते. त्यांनी टेकडीवर एक छोटं रडार बसवलंय, प्रयोगाचं. रडार म्हणतं इथं गारा पडतायत. पण खरंच पडल्या का, केवढ्या पडल्या, हे बघायला जमिनीवर माणूस पाहिजे. संस्थेची गाडी मागितली तर तीन सह्या लागतात, तोवर ढग अहिल्यानगरला पोचतो. कोणीतरी तिला माझं नाव सांगितलं. नर्सरीत आली, गुलाबाची दोन रोपं घेतली आणि म्हणाली, तुम्ही ढगांमागे जाता म्हणे.

आता तिच्या नकाशाचं ऐक. तिच्या टॅबवर आपला सगळा जिल्हा दिसतो. वाड्या, ओढे, आमच्या मळ्यामागची पाणंदसुद्धा. आणि त्याच्यावर ढग चालतो. सरकारी चित्रात आपल्याला एक लाल ठिपका दिसायचा, त्यात पाच गावं बसायची. हिच्या नकाशावर गारांचा पट्टा कुठल्या गावाच्या कुठल्या अंगाला हाय ते कळतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा गाडी बाजूला घेतली आणि नुसता बघत राहिलो. तुझी लई आठवण आली. खोटं नाही सांगत.

म्हणून तिला म्हणालो, आमचा एक माणूस चंद्रपुरात अडकलाय, त्याला पण हे दिसलं पाहिजे. तिनं तिच्या साहेबांना विचारून तुझ्यासाठी पासवर्ड काढलाय. खाली दिलाय. कोणाला देऊ नको, प्रयोगाचा माल हाय.

आता तिथं बसून बघ आणि सांग मला.

तुझा,
इंद्रजीत


चंद्रपूर, १३ एप्रिल

प्रिय इंद्रजीत,

पासवर्ड मिळाला. अपूर्वाबाईंना माझे आभार कळव.

नकाशा पाहिला. दिसायला छान आहे. दिवाळीच्या रांगोळीत चाळीतल्या मुली इतके रंग वापरत नाहीत. आपण मात्र साध्या ठिपक्यावर अकरा वर्षं काढली आणि फारसं काही चुकलं नाही, याची नोंद असावी.

तरी प्रामाणिकपणे सांगतो, रोज जेवणाच्या सुट्टीत उघडून बसतो. डबा एका हाताने खातो. परवा थेऊरवरून एक लहानसा ढग सरकत गेला. चार वाजेपर्यंत वाघोलीला पोचेल असं मी शिपायाला सांगितलं. तो म्हणाला, साहेब, वाघोली कुठं आहे? मी त्याला अर्धा तास वाघोली सांगितली.

काही गोष्टी विचारतो. तुला डाव्या कानाने कमी ऐकू येतं हे तिला माहीत आहे का? डावीकडे बसून ती हळू बोलत असेल, तर तू नुसता मान हलवत असशील. थर्माकोलच्या पाटीवर चंदेरी कागद ताणून गारांचे खड्डे मोजायची माझी युक्ती तू तिला सांगितलीस का? सांगितली असशील तर कोणाची म्हणून सांगितलीस? आणि ढगापासून किती लांब थांबता?

वासंती विचारते, मी सुट्टीत कधी येणार. मेअखेरपर्यंत रजा नाही.

तुझा,
सलिल


वाघोली, २० एप्रिल

प्रिय सलिल,

कानाचं मी सांगितलं नव्हतं, तिनंच ओळखलं. आता ती मागच्या सीटवर मधोमध बसते आणि मोठ्यानं बोलते. पाटी आम्ही वापरतो. तुझीच युक्ती म्हणून सांगितली, ती म्हणाली हुशार माणूस दिसतोय. मी म्हणालो, हुशार हाय पण लई तिरका.

परवा, १८ तारखेला, कमाल झाली. भुलेश्वरच्या डोंगराजवळ ढग उठला. तिनं नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, माळशिरस. दुसऱ्या कुठल्या गावाचं नावच घेतलं नाही. आम्ही गेलो तर रस्ता पांढरा. सुपारीएवढ्या गारा. आम्ही पोचलो तोवर पडून गेल्या होत्या, पण ढिगानं साठलेल्या. तिथं सर्जेराव म्हणून एकांचं किराणा दुकान हाय, त्यांनी सांगितलं की बरोबर चार दहाला सुरू झाल्या, घड्याळात बघून. नकाशावर माळशिरस चार चोवीसला लाल झालं होतं. अपूर्वा म्हणाली, त्यांचं घड्याळ मागं पडलंय. सेल संपत आला असेल.

फोटो पेपरात आलाय. कात्रण सोबत जोडतोय. नाव आमच्या दोघांचं छापलंय. मी तुझंही सांगितलं होतं, पण त्यांनी घेतलं नाही. जागा नव्हती म्हणे.

आणि ते दहा किलोमीटर आता सोड. तेव्हा आपण आंधळे होतो म्हणून लांब राहायचो. आता दिसतंय ना सगळं. आम्ही ढगाच्या पुढं जाऊन तीनवर थांबतो, पाटी ठेवतो आणि मागं फिरतो. म्हणजे गारा थेट पाटीवर. अकरा वर्षांत आपल्याला जे जमलं नाही ते या पोरीनं वीस दिवसांत करून दाखवलं. तू असतास तर तूही मान्य केलं असतंस.

तुझा,
इंद्रजीत


चंद्रपूर, २२ एप्रिल
(ड्राफ्ट. पाठवलं नाही.)

प्रिय इंद्रजीत,

घाईत लिहितोय. सर्जेरावांचं घड्याळ बरोबर आहे.

काल रविवार होता. दुपारभर १८ तारखेचा नकाशा मागे-पुढे करून पाहिला. तुम्ही जी वेळ वाचता ती कोपऱ्यात दिसणारी वेळ आहे. ती रडारने ढग पाहिल्याची वेळ नाही, चित्र संगणकावर येऊन पोचल्याची वेळ आहे. रडारची खरी वेळ फाइलच्या नावात असते. मी सगळ्या फाइली उघडून पाहिल्या. एप्रिलच्या सुरुवातीला हा फरक तीन मिनिटांचा होता. १६ तारखेपासून तो चौदा झालाय. तिकडे त्यांनी काहीतरी बदललं असावं.

म्हणजे तुम्हाला दिसणारा ढग चौदा मिनिटं जुना आहे. चौदा मिनिटांत हे ढग नऊ-दहा किलोमीटर जातात. तू म्हणतोस, ढगाच्या पुढे तीन किलोमीटरवर थांबतो. इंद्रजीत, तू तीनवर नाहीस. तू त्याच्या पोटात आहेस.

तिला आजच सांग. आकडे फक्त पुन्हा एकदा ताडून हे लगेच पाठवतो.

सलिल


चंद्रपूर, २४ एप्रिल

प्रिय इंद्रजीत,

कात्रण पाहिलं. फोटो उत्तम आहे. छपाईत ढग थोडा भरडला गेलाय, पण तुमची नावं स्वच्छ आली आहेत.

वीस दिवसांत जे झालं ते अकरा वर्षांत झालं नाही, हे तू लिहिलंस. मान्य. यात माझ्याकडून भर घालण्यासारखं आता काही उरलेलं नाही. नकाशा चांगला आहे. चालू द्या.

इथे तिमाहीची कामं आहेत. काही दिवस पत्र आलं नाही तर काळजी करू नकोस.

सलिल


वाघोली, ९ मे

सलिल,

तुझा फोन तीनदा येऊन गेला, उचलला नाही. बोलवत नव्हतं. आज लिहितो.

६ तारखेला शिरूरकडून ढग निघाला. मोठा होता, एवढा मी कधी बघितला नव्हता. आम्ही पाबळच्या अलीकडं माळावर गाडी लावली. नकाशावर लाल पट्टा कान्हूरवर होता. अपूर्वा म्हणाली, पंधरा मिनिटं आहेत, पाटी ठेवून येते. मी म्हणालो, मी ठेवतो. तर म्हणाली, तुम्ही गाडी वळवून ठेवा.

सलिल, वर काळं झालं होतं. वारा गार सुटला होता. आपण दोघं असतो तर मी एक मिनिट थांबलो नसतो. पण स्क्रीन म्हणत होता लांब हाय, आणि मी माझ्या डोळ्यांपेक्षा स्क्रीनचं ऐकलं.

ती गाडीपासून शंभर पावलांवर असेल. पहिली गार बॉनेटवर पडली तेव्हा मला वाटलं कोणी दगड मारला. मग एकदम सुरू झालं. लिंबाएवढ्या. ती पळत निघाली, पाटी डोक्यावर धरली होती, ती फुटली. मग तिनं हात डोक्यावर घेतले. मी गाडी तिच्याकडं घेतली, काच फुटली, पुढचं दिसेना. खाली उतरून तिला ओढून आत घातलं. रक्त डोळ्यांत येत होतं तिच्या. मला म्हणते, काका, वेळ लिहून ठेवा.

शिक्रापूरच्या दवाखान्यात नेलं. डोक्याला नऊ टाके. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलंय, प्लेट घालावी लागली. मला खांद्याला मुका मार हाय, बाकी काही नाही. संध्याकाळी तिची आई आली. मला विचारलं, तुम्ही बरोबर होता ना? मी खाली बघितलं.

आता संस्थेनं तिचं काम थांबवलंय. चौकशी बसलीय. साहेब म्हणतात, परवानगीपेक्षा जवळ का गेलीस. ती म्हणते, माझीच चूक, ढगाचा वेग मी चुकीचा धरला. दिवसभर एका हातानं आकडे करत बसते आणि चूक सापडत नाही म्हणून रडते. पाच वर्षांचं काम हाय तिचं.

तुला काही सुचतंय का? तू रोज बघत होतास ना नकाशा. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही.

इंद्रजीत


चंद्रपूर, १० मे

प्रिय इंद्रजीत,

सुटलं नव्हतं.

२२ एप्रिलला मी तुला एक पत्र लिहिलं होतं. ते पाठवलं नाही. सोबत जोडलं आहे. आधी ते वाच, मग हे.

आता तू वाचलं आहेस असं धरतो. चूक कुठे आहे ते त्यात सगळं आहे. फाइलींची यादी तारखांसह वेगळी जोडली आहे. ढगाचा वेग अपूर्वाने बरोबर धरला होता, वेळ तिला चुकीची मिळत होती. ही यादी आजच तिच्या साहेबांना दाखवायला सांग. माझं पत्रही दाखव. माझं नाव लपवू नकोस.

का पाठवलं नाही, ते सांगतो. ड्राफ्ट लिहून झाल्यावर मी तुझं पत्र पुन्हा काढलं, आकडे ताडून बघायला. शेवटाकडची ती ओळ वाचली. या पोरीनं वीस दिवसांत करून दाखवलं. त्यानंतर हात पुढे गेला नाही. मनाला सांगितलं, उद्या पाठवू. दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्यांची संस्था आहे, त्यांना कळेलच. तिसऱ्या दिवशी ‘चालू द्या’ असं लिहून मोकळा झालो.

मला तुमचं एकदा चुकायला हवं होतं. तुम्ही जाल, ढग निसटेल, कोरडे परत याल, आणि तू फोन करून म्हणशील, सलिल, तू पाहिजे होतास. हे एक वाक्य मला ऐकायचं होतं. ढग निसटण्याऐवजी अंगावर येईल हे डोक्यात आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मीच लिहिलंय ते, सोबतच्या ड्राफ्टमध्ये, तुझं नाव घेऊन.

सोळा दिवस रोज जेवणाच्या सुट्टीत मी नकाशा उघडत होतो. फरक चौदाच होता. ६ तारखेलाही पाहिला.

क्षमा मागायला मला तोंड नाही. तिच्या मनगटाचं पुढे काय होतं ते मात्र कळव.

सलिल


वाघोली, २ जून

सलिलराव,

तुमचं पत्र आणि यादी पोचली. यादी त्याच दिवशी अपूर्वाला दिली. पत्र आठ दिवस माझ्याकडंच ठेवलं. मग वाटलं, हात तिचा मोडलाय, तर हे वाचायचा हक्क तिचा हाय. म्हणून तेही दिलं.

तिनं दोनदा वाचलं. मग विचारलं, यांनी एकेक फाइल उघडून बघितली? आमच्याकडं सहा जण आहेत, एकानंही बघितली नाही.

चौकशीत निघालं ते असं. १६ एप्रिलला त्यांनी साठवणीचा संगणक बदलला, तेव्हापासून चित्रं उशिरा येत होती. तिला दोष लागला नाही. काम ऑक्टोबरपासून परत चालू होईल. मनगट वळतं, पण मुठीत जोर नाही. डॉक्टर म्हणतात, सहा महिने लागतील.

तिचा निरोप असा. पासवर्ड बंद करत नाही. रोज फरक तपासून तिला कळवावा. तिला असं बघणारं माणूस पाहिजे.

हे झालं तिचं. ती शिकलेली पोरगी हाय, कामापुरतं बघते. माझं वेगळं. तुम्ही मला मारायला निघाला होता असं मी म्हणत नाही. पण मी गाडी कुठं लावतो ते तुम्हाला रोज दिसत होतं, आणि तुम्ही डबा खात बघत बसलात. तिच्या आईसमोर मी खाली बघितलं. तिथं तुम्ही उभं राहायला पाहिजे होतं.

तुम्ही फोन करू नका. बोलावंसं वाटलं तर मी कळवीन.

इंद्रजीत कंद


चंद्रपूर, ६ जून

इंद्रजीत,

पत्र मिळालं. तू मला ‘तुम्ही’ म्हणालास. बरोबर आहे.

अपूर्वाला होकार कळवला आहे. आजचा फरक तीन मिनिटं.

तिच्या आईंना मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. येऊ नये.

सलिल


वाघोली, १३ ऑक्टोबर

सलिलराव,

काल तुमचा फोन आला तेव्हा आम्ही यवतच्या पुढं होतो. परतीच्या पावसाचा ढग दौंडकडून येत होता. नकाशावर तो लांब दिसत होता. तुमचं नाव फोनवर दिसलं आणि मी उचलणार नव्हतो. अपूर्वा मागून म्हणाली, उचला काका, कामाशिवाय ते करणार नाहीत.

तुम्ही म्हणालात, ‘थांब. नकाशा अकरा मिनिटं मागे आहे.’

मी म्हणालो, ‘थांबलो.’ एवढंच बोललो. जास्त बोलावंसं वाटलं नाही. गाडी पेट्रोल पंपाच्या छपराखाली घेतली. सात-आठ मिनिटांत समोर वाऱ्यानं दोन बाभळी रस्त्यावर आडव्या घातल्या आणि एक वीज त्यांच्याही पलीकडं पडली. आम्ही जाऊन उभे राहणार होतो ते ठिकाण तिथून लांब नव्हतं.

अपूर्वानं तुमचे सगळे आकडे एका वहीत उतरवून ठेवलेत, जूनपासूनचे. एकही दिवस चुकला नाही, रविवारसुद्धा. काल मी ती वही बघितली.

दिवाळीत वारज्याला येणार असाल तर वाघोलीला एक चक्कर टाका. ढग असेल नसेल, चहा होईल. अपूर्वाला पण यायचंय म्हणते, तिला तुम्हाला बघायचंय. माझा राग अजून गेलेला नाही हे माहीत असू द्या.

इंद्रजीत


चंद्रपूर, १५ ऑक्टोबर

प्रिय इंद्रजीत,

येतो. रजा मंजूर झाली आहे. दिवाळीआधीच्या गुरुवारी इथून निघतो. बस नगर रस्त्यानेच येते, त्यामुळे वारज्याला जायच्या आधी वाघोलीलाच उतरेन. सकाळी सातच्या सुमारास. वासंतीला सांगितलं आहे. ती म्हणाली, तिकडचं आधी उरकून या.

यायच्या आधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण मागच्या वेळी सांगितली नव्हती. अपूर्वाने पेट्रोल पंपावरचा फोटो पाठवला. तुम्ही दोघं छपराखाली उभे आहात, मागे सगळं पांढरं झालंय आणि तू हसतो आहेस. मी तो टेबलावर ठेवून तासभर काम केलं आणि तासभर माझ्या पोटात दुखत राहिलं. तुम्ही वाचलात ते माझ्या फोनमुळे, हे मला ठाऊक होतं. तरी वाटलं, मी तिथे असायला हवं होतं आणि ती इथे. हे माझं गेलेलं नाही. जाईल असं वचन देत नाही.

शुक्रवारी मी तिच्याशी तिरकस बोलण्याची शक्यता आहे. बोललो तर तिच्यासमोरच मला गप्प कर. तिच्या आई आल्या आणि त्यांनी मला काही विचारलं, तर मध्ये पडू नकोस. मी सांगेन.

आजचा फरक दोन मिनिटं.

सलिल